छाट

बेळगावचे डॉक्टर म्हणाले, हातांना काम द्या.
निपाणीपर्यंत बसमध्ये मी तिचे हात बघत आलो.
मांडीवर, काहीच नसताना,
अंगठा तर्जनीवर फिरत होता, फिरत होता.

आधी चुका केल्या.
मटार दिले सोलायला. तिनं टरफलं नीट रचली, दाणे फेकले.
रंगीत मणी आणले, लोकर आणली,
नातवाचं चित्रांचं पुस्तक. ते मिटून मला परत दिलं,
"ज्याचं हाय त्याला द्या जावा."
लेकीनं गडहिंग्लजहून फोनवर गाणी लावली.
तिनं फोन पदराखाली घेतला आणि थोपटत बसली.
बाळ रडतंय म्हणाली.

मग माळ्यावरून सूप काढलं.
कात्री, पत्र्याचा फर्मा, दोऱ्याचं रीळ.
मागच्या गल्लीतल्या बनाक्काकडून मागून आणलेली तेंदूपानं
रात्रभर ओल्या किंतानात.
तंबाखू नाही. तंबाखूनं तिची अर्धी छाती आधीच नेली आहे.
चहाचा चोथा उन्हात वाळवला, तोच सुपात.

तिनं चिमूट नाकाशी नेली.
"माल खोटा हाय," म्हणाली
आणि वळायला बसली.

चाळीस वर्षं मी सायकलींची पंक्चरं काढली,
हात काय असतो ते मला कळतं.
तिला माझं नाव येत नाही, सोमवार येत नाही,
न्हाणी कुठल्या अंगाला ते येत नाही.
पण पान उलटं आलं की बोटं थांबतात,
पान फिरवतात, शीर आत घेतात, पुढे जातात,
तिला न विचारता.

मोजते कन्नडमध्ये.
चिकोडीकडून ती लग्नात घेऊन आलेली भाषा
माझ्या आईनं चुलीपाशी बंद करून टाकली होती.
आता वंदु, यरडु, मूरु, नाल्कु,
इप्पत्तैदु म्हणते आणि कट्टा बांधते.
मी एकोणऐंशीव्या वर्षी पाढे शिकतोय.

चार वाजता मी बाहेर जातो
आणि चप्पल वाजवत पुन्हा आत येतो. आता मी चेकर.
माल दाखवल्याशिवाय ती चहाला उठत नाही.
कट्टा उचलला की तिचे डोळे माझ्या बोटांवर येतात.
हे डोळे नवरा म्हणून मला कधी दिसले नव्हते.
हजारात शंभर, दीडशे छाट काढायचे ते,
तिच्यासमोर चुरगाळायचे, पैसे कापायचे,
आणि ती घरी येऊन सांगायची, आज जरा कमीच भरल्या.
असेल, म्हणायचो मी. हवेचा पंप हातात असायचा.

"छाट किती, मेस्त्री?"
एकपण नाही, म्हणतो. एकपण नाही, हौसाक्का. सगळा माल पास.
ती हसते. दात दोनच, पण पूर्ण हसते.

मजुरी देतो, दहाची तीन नाणी.
ती पदराला गाठ मारते.
रात्री तिला झोप लागली की मी गाठ सोडतो,
मग विड्या सोडतो एकेक,
दोरा रिळावर, चोथा डब्यात, पानं पाण्यात.
एक पान तीनदा सोसतं. चौथ्यांदा चिरतं.

परवा मजुरी घेतली तिनं, दाराकडं बघितलं,
आणि नाणी माझ्याच मुठीत दाबली.
"बाजाराला जाताय न्हवं, मेस्त्री, एक करा.
आमच्या मालकांची चप्पल तुटलीया. नऊ नंबर.
मी दिलं म्हणू नका. त्यांस्नी वाईट वाटतंय."

आली होती तशी एक जोडी घरात, थोरली पोटात होती तेव्हा.
कुणी गिऱ्हाईक उधारीपोटी ठेवून गेलं, असं सांगितलं होतं तिनं.
मला आठ लागतो.
चार वर्षं घातली, फटक फटक वाजत.

हो, म्हणालो.
तिनं किंतान उघडलं, पान घेतलं.
वंदु.